नकाशावरचा ठिपका आणि आपलं मागचं गेट

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात माईक दिला की तो व्याजदरावर बोलणार, अशी भीती तुम्हाला वाटत असेल. घाबरू नका. आज मी रस्त्याबद्दल बोलणार आहे.

ग्रामीण शाखेत असताना कर्जाच्या तपासणीसाठी खेडोपाडी फिरावं लागे. विहीर खरंच खोदली का, म्हैस खरंच घेतली का, हे बघायला. तेव्हा आमचं जीपीएस म्हणजे चहाची टपरी. "वडाच्या झाडापासून डावीकडं, मग शाळा, मग इचारा कुणालाबी." असं चार ठिकाणी विचारत गेलो, पण कधी चुकलो नाही.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. योगायोग बघा, त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक ठेवली होती. तुमची जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ती चूक काढल्यावर हे तंत्र मोटारीत वापरायला बरंच अचूक झालं. म्हणजे आपली सोसायटी आणि गाडीतल्या त्या 'डावीकडे वळा' म्हणणाऱ्या बाईचा अचूकपणा, दोघे एकाच वयाचे!

माझ्या मुलाने मोबाईलमध्ये हे ॲप टाकून दिलं आणि मी त्याच्या पूर्ण आहारी गेलो. एका सप्टेंबरात महाडला नात्यातला साखरपुडा होता. ॲपने कापूरहोळला महामार्ग सोडून भोर, वरंध घाट असा कमी अंतराचा रस्ता दाखवला. भोरला सौ. म्हणाल्या, "अहो, कुणाला तरी विचारा, घाट चालू आहे का." मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? निळी रेघ दिसतेय ना!"

नीरा देवघर धरणाच्या कडेकडेने पुढे गेलो तशी मोबाईलची रेंज गेली. गंमत म्हणजे निळा ठिपका पुढे सरकतच होता, फक्त आजूबाजूचा नकाशा कोरा. आणि घाटात दरडीचा ढिगारा, समोर पत्र्याचा बोर्ड, 'रस्ता बंद'. अंधारात, धुक्यात गाडी वळवली. भोरला परत आलो तेव्हा चहावाला शांतपणे म्हणाला, "कालपासनं बंद हाय साहेब." आमचा साखरपुडा हुकला. घरी येईपर्यंत सौ. एक शब्द बोलल्या नाहीत. तुम्हाला कल्पना असेलच.

मग मी हे प्रकरण बँकेच्या सवयीने तपासायला घेतलं. समजलं ते असं. रेंज आणि जीपीएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएसचा संकेत सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून येतो, सेकंदाच्या पंधराव्या भागात. किमान चार उपग्रह 'दिसले' की मोबाईल आपली जागा काढतो. त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशा, ट्रॅफिक आणि नवा रस्ता शोधण्यासाठी. म्हणून घाटात ठिपका चालतो, पण अक्कल बंद पडते. एक्सप्रेसवेच्या भातण बोगद्यात उलटं. तिथे डोंगरच आड येतो, उपग्रह दिसत नाही, आणि फोन मागच्या वेगावरून अंदाज बांधत राहतो. उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून येतो, म्हणून ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. पुलावर आहोत की पुलाखाली, हेही त्याला नीट कळत नाही.

आणि रस्त्याची निवड? ट्रॅफिक त्याला कळतं ते बरंचसं आपल्यासारख्यांच्या फोनवरून. कर्वे रोडवर हजारो फोन, म्हणून तिथला अंदाज चांगला. घाटात संध्याकाळी चार गाड्या, त्याही बिनरेंजच्या. तिथली दरड कोणी कळवल्याशिवाय त्याला कळणार कशी? आमच्या भाषेत सांगायचं तर, जिथे व्यवहारच नाहीत त्या खात्यावरून पत ठरवल्यासारखं ते आहे.

इथपर्यंत हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं तसं नाही.

गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता सौ.च्या छातीत दुखायला लागलं. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. त्यांनी पत्ता विचारला, मी म्हटलं, "सोसायटीचं नाव टाका, मॅपवर येतं." ॲम्ब्युलन्स वेळेत आली, पण मागच्या गल्लीत, बंद गेटसमोर. ड्रायव्हर फोनवर सांगत होता, "साहेब, मी पोचलोय, गेट उघडा." मी पुढच्या गेटवर उभा राहून सांगत होतो, "कुठे आहात? मला दिसत नाही." किल्ली ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे. शेवटी गाडी वळसा घालून पुढे आली. अकरा मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होतो, म्हणून आकडा पाठ आहे.

असं का झालं? नकाशावर आपल्या नावाची खूण प्लॉटच्या मध्यावर, बी विंगच्या मागे आहे. ॲप त्या खुणेपासून सगळ्यात जवळचा रस्ता धरतं. तो मागची गल्ली. मध्ये भिंत आहे, गेटला कुलूप आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

आणि ते कुलूप कोणी लावलं? मीच. मी सेक्रेटरी असताना दोन सायकली चोरीला गेल्या, तेव्हा ठराव मांडून मी मागचं गेट कायमचं बंद करून घेतलं. यंत्राला शिव्या देत होतो, पण कुलूप माझं होतं आणि "मॅपवर येतं" हे वाक्यही माझंच.

सौ. आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. डॉक्टरांची कृपा, आणि त्यांचा स्वतःचा चिवटपणा. पण पुढच्या वेळी कोणाच्या घरी अकरा मिनिटं परवडतील, हे कोण सांगणार?

म्हणून या रौप्यमहोत्सवात माझ्या तीन मागण्या आहेत. मागच्या गेटची एक किल्ली रात्रंदिवस वॉचमनच्या केबिनमध्ये असावी. नकाशावरची खूण मुख्य गेटवर आणण्याची दुरुस्ती आपल्या तरुण मंडळींनी ॲपमध्ये सुचवावी, ती फुकट होते. आणि प्रत्येक घरात फोनजवळ दोन ओळी लिहून ठेवा: "दत्तमंदिरासमोरचं मोठं गेट, आत आल्यावर उजवीकडे अमुक विंग." घाबरलेल्या माणसाला वाचून दाखवता येईल एवढंच.

जुन्या सभासदांना आठवत असेल, वास्तुशांतीच्या पत्रिकेमागे आपण हाताने नकाशा काढून छापला होता. मंदिर, डेअरी, कच्ची वाट आणि बाण. एकही पाहुणा चुकला नव्हता. यंत्र जरूर वापरा, मीही वापरतो. फक्त भोरला थांबून एकदा विचारायला लाजू नका. आणि बायको 'विचारा' म्हणाली, तर नक्कीच विचारा.