चित्रातल्या जनावराचे नाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनसवर किंवा किमान वेतनावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला, 'प्राण्यांच्या चित्रांना नावे कशी द्यावीत.' चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. चित्रकलेचे शिक्षण मला नाही. शाळाच मुळी सातवीत सुटली. पण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीपायी मी चित्रांची पुस्तके उघडली. तेव्हा आधी चूक सांगतो.

आमची युनियन ऊसतोड कामगारांची. हंगामात बीडकडची बिऱ्हाडे कारखान्याच्या गाडीतळावर येऊन पडतात. त्यांतल्या एका गाडीवानाच्या पोराने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर कोळशाने बैल काढला. रात्रीची वेळ, काट्यावर गाड्यांची रांग, जू मानेवर तसेच, आणि डावे शिंग मोडलेले. चित्र मला इतके आवडले की तालुक्याच्या एका प्रदर्शनाचा फॉर्म मीच आणला. त्यात एक रकाना होता, 'चित्राचे शीर्षक'. पोराने माझ्याकडे पाहिले. मी ऐटीत लिहिले, 'श्रमदेवता'.

संध्याकाळी त्याच्या बापाला मी मोठ्या कौतुकाने हे सांगितले. तो म्हणाला, "भाऊ, ह्यो तर आपला सोन्या हाय. देव म्हनलं की मंग वैरन द्याया नको!"

मंडळी, तीस वर्षे मी सभा गाजवतो आहे, पण असा टोला मला कोणी लगावला नव्हता. कारण हीच तक्रार आम्ही स्वतः करत आलो आहोत. एक मे आला की कामगार हा राष्ट्राचा कणा होतो, आणि दोन तारखेला कणा मजुरी मागू लागला की सर्वांना पाठदुखी सुरू होते. जे आमच्या बाबतीत झाले तेच मी त्या बैलाचे केले होते.

मग पाहू लागलो, मोठ्या लोकांनी काय केले आहे. इंग्लंडात एडविन लँडसीअर नावाचा चित्रकार होऊन गेला. १८५१ साली त्याने डोंगरात उभा असलेला एक सांबरासारखा प्राणी, म्हणजे तिकडचा तांबडा हरणनर, रंगवला आणि त्याला नाव दिले 'मोनार्क ऑफ द ग्लेन', दरीचा राजा. चित्र खरे म्हणजे लॉर्डांच्या सभागृहातील उपाहारगृहासाठी होते. कॉमन्सने पैसे मंजूर केले नाहीत म्हणून ते खाजगी हातात गेले. पुढे ते साबणाच्या आणि व्हिस्कीच्या जाहिरातींत झळकले, आणि २०१७ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाने ४० लाख पौंडांना विकत घेतले. नाव भारदस्त आहे, यात शंका नाही. पण ज्या डोंगराळ मुलखातले हे चित्र, तिथल्या कितीतरी दऱ्यांतून जमीनदारांनी कुळे उठवली होती. आधी मेंढ्यांसाठी, मग शिकारीसाठी. राजा म्हटला की प्रजा कुठे गेली असे कोणी विचारत नाही. आणि राजालाही राखला होता तो बंदुकीसाठीच.

याच लँडसीअरचे १८३७ सालचे दुसरे चित्र घ्या. अंधारी खोली, एक शवपेटी, आणि तिच्यावर हनुवटी टेकलेला कुत्रा. नाव आहे, 'म्हाताऱ्या मेंढपाळाचा मुख्य शोककर्ता'. पेटीत कोण आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते नाव सांगते. आणि 'मुख्य' या एका शब्दाने त्या म्हाताऱ्याच्या मागे दुसरे कोणी नाही हेही कळते. नावाने चित्रावर चढून बसू नये, जे रंगात येत नाही तेवढेच पुरवावे, ते असे. एकाच माणसाला दोन्ही जमले, म्हणजे मलाही अजून आशा आहे.

जॉर्ज स्टब्ज हा घोड्यांचा चित्रकार. १७९९ साली न्यूमार्केटला हॅम्बल्टोनियन नावाच्या घोड्याने शर्यत जिंकली, थोडक्यात, आणि चाबूक व टाचांचे काटे खाऊन. मालकाने चित्र सांगितले. म्हाताऱ्या स्टब्जने काढला तो शर्यतीनंतरचा, दमून गेलेला घोडा. जवळ त्याला पुसून काढणारा तबेल्यातला पोरगा. चित्राचे नाव 'हॅम्बल्टोनियन, रबिंग डाउन'. म्हणजे खरारा चालू आहे. विजयाचा शब्दही नाही! घोड्याचे नाव आहे, कामाचेही आहे. काम करणाऱ्या पोराचे मात्र नाही. आणि ऐका, या चित्राच्या पैशासाठी स्टब्जला मालकावर दावा लावावा लागला. तेव्हा आमची युनियन नव्हती.

फ्रान्सच्या रोझा बोनर या बाईंनी १८४९ साली बैलांचे औत रंगवले. प्रत्येक नांगराला सहा बैल. नाव साधे, 'निव्हेर्नेमधील नांगरणी'. काम आणि मुलूख. मला हे नाव सर्वांत आवडते. आमच्या हजेरीपत्रकात शोभेल असे आहे.

आता कोणी म्हणेल, सरळ 'बैल', 'हरीण', 'गेंडा' असे जातीचे नाव लिहावे, झाले. तेही नेहमी पुरत नाही. १५१५ च्या जानेवारीत आपल्या गोव्याहून एक गेंडा जहाजावर चढवला गेला. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिला होता, त्याने तो आपल्या राजाकडे पाठवला. मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. जर्मनीतल्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधी पाहिला नाही. दुसऱ्याच्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून ठसा कोरला, अंगावर चिलखत चढवले, मानेवर एक जादा शिंग लावले, आणि वर लिहिले 'ऱ्हायनोसेरस'. जग शेकडो वर्षे तोच गेंडा मानत राहिले. खरा गेंडा १५१६ च्या सुरुवातीस इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजाबरोबर बुडाला. जातीचे नाव अमर झाले, तो एक प्राणी कोणाच्याच ध्यानात राहिला नाही.

याच्या उलट आपला जहांगीर बादशहा. उस्ताद मन्सूरने काढलेल्या झेब्र्याच्या चित्रावर, १६२१ च्या सुमारास, त्याने स्वतः टिपण केले: जनावर हबसाणातून आले, कोणी आणले, आणि चित्र कोणी काढले. प्राणी, मुलूख, माणसे, सगळे आले. आज कोणी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक रंगवत असेल तर त्याने असेच करावे. 'माळरानाचा सम्राट' नको. माळढोक, नान्नज, अमुक साल. तो पक्षी इतका दुर्मिळ झाला आहे की उद्या ते साल हाच पुरावा ठरेल.

आमच्या चित्राचे काय झाले ते राहिले. मी प्रदर्शनाच्या कचेरीत गेलो, नाव बदलून मागितले. यादी छापून झाली होती. कारकून म्हणाला, "एवढे चांगले नाव आहे, कशाला बदलता?" चित्र 'श्रमदेवता' म्हणूनच टांगले गेले. परत आले तेव्हा पोराने मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले: 'सोन्या, काट्यावर, रात्री दोन वाजता', आणि खाली गाडीवान म्हणून बापाचे नाव. ते चित्र आता आमच्या युनियनच्या कचेरीत असते. आल्यागेल्याला मी ते भिंतीवरून काढून उलटे करून दाखवतो.