सोलापूरची थंडी आणि तिचे भाकीत



वैशाखातल्या सोलापुरात, पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असताना, मी थंडीवर बोलणार हे कळल्यावर व्यवस्थापकांपैकी एकाने मला विचारले, "श्रोत्यांना गारवा वाटावा म्हणून का?" तसे झाले तर आनंदच आहे. परंतु थंडीचा विचार थंडीत करून भागत नाही, हे माझे आजचे म्हणणे आहे. पौषात हुडहुडी भरली म्हणजे माणूस शेकोटी शोधतो, विचार करीत बसत नाही.

आपल्या गावाला भाकिताचे नवल नाही. संक्रांतीच्या दिवसांत गड्ड्याची यात्रा भरते, होमविधीच्या रात्री दिवसभर उपाशी ठेवलेले देशमुखांचे वासरू आणतात, त्याच्यापुढे धान्य, गूळ ठेवतात, आणि ते कशाला तोंड लावते, शांत राहते की बिथरते, यावरून वर्षाची भाकणूक होते. त्या वासराची आणि वेधशाळेची तुलना करून एकाला हसण्याचा माझा हेतू नाही. मला तीत एक गोष्ट मोलाची वाटते. ती भाकणूक हजारो लोकांसमोर होते आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या वाडीवस्तीवर पोहोचलेली असते. हे पोहोचणे ध्यानात ठेवा, पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच साली भारतीय हवामान खातेही स्थापन झाले. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावर पडलेल्या बर्फाचा आणि पुढच्या पावसाचा संबंध जोडून पाहिला. बर्फ फार पडले तर मोसमी पाऊस मागे सरतो, असा त्यांचा तर्क होता. १८८४ साली त्यांनी तो निबंधरूपाने मांडला. म्हणजे दूरच्या भाकिताची आपली विद्या पहिल्यांदा उभी राहिली ती बर्फावर. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी तिची नजर दूरच्या महासागरांपर्यंत नेली. १९२८ साली खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. कालांतराने ते दिल्लीस गेले, तरी हंगामाचे भाकीत आजही पुण्यातच तयार होते.

आता सोलापुरात कोणी बर्फ पाहिलेले नाही. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, त्याचीच वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. तरीही आपली थंडी बर्फाच्याच घरची आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने वादळी पट्टे पूर्वेकडे सरकत येतात आणि काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे जातात. त्यांची पाठ फिरली की उत्तरेचा कोरडा, गार वारा मोकळा सुटतो आणि राजस्थान, माळवा, खानदेश करीत चार-दोन दिवसांत आपल्या माळावर येतो. एवढ्या प्रवासात त्याची धार पुष्कळ बोथट होते. उरलेले काम आपले आकाश करते. ढग म्हणजे जमिनीच्या अंगावरची चादर. सोलापूरकरांना चादरीचे काम मी काय सांगावे! ढग नसले आणि हवा कोरडी असली म्हणजे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब उघड्यावर सोडून देते, आणि सूर्योदयाच्या सुमारास पारा सर्वांत खाली येतो. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी तो १.७ अंशांपर्यंत उतरला होता. दख्खनच्या पठारावर असेही होऊ शकते.

ही थंडी आपली वैरीण नव्हे. हरभरा आणि गहू तिच्यावरच पोसतात. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर उभी राहते. हुरडा खाताना आपण थंडीलाच धन्यवाद द्यायला हवेत. पण पेरणी लांबली, आणि ज्वारी फुलोऱ्यात असताना रात्री फार गार पडल्या, तर परागकण निकामी होतात, दाणा भरत नाही, कणीस पोचट राहते. नान्नज-कासेगावचा द्राक्षबागाईतदार तर पारा घसरला की मणी तडकतील म्हणून पहाटे बागेत धूर करीत फिरतो. त्याला पाच दिवस आधीचा इशारा म्हणजे रोकड पैसा आहे, आणि तो इशारा त्याच्या खिशातल्या यंत्रावर येतोही.

नोव्हेंबरच्या अखेरीस खाते डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांचे भाकीत प्रसिद्ध करते. ते वाचताना दोन गोष्टींचा घोटाळा होतो. एक म्हणजे ते संभवाच्या भाषेत असते. "किमान तापमान सरासरीहून कमी राहण्याची शक्यता अधिक" याचा अर्थ अमुक तारखेस अमुक गावी गारठा, असा नव्हे. प्रशांत महासागराचे पाणी गार असले, ज्याला ला निना म्हणतात, तर उत्तर हिंदुस्थानातला हिवाळा कडक जाण्याकडे कल असतो. पण कल म्हणजे वचन नाही. आणि ते मोठ्या प्रदेशाला उद्देशून असते. आपण मोडतो 'मध्य महाराष्ट्र' या विभागात. सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव आणि पंचगंगेकाठचे कोल्हापूर त्याच विभागात. एकाच माप घेऊन शिवलेला अंगरखा तिघांच्या अंगावर कसा बसावा?

दुसरा घोटाळा शब्दाचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. 'थंडीची लाट' हा शब्द खात्याने मोजून वापरलेला आहे. मैदानी ठिकाणी पारा १० अंशांवर किंवा त्याखाली हवा, शिवाय तो नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलेला हवा. अथवा तो सरळ ४ अंशांवर यायला हवा. सोलापुरात जानेवारीची पहाट साधारण १६ अंशांची. ती ११ वर आली तर सारे गाव कुडकुडते, पण लाट नाही! पंजाबात आठ अंशांची पहाट कोणी मोजीत नाही, कारण तेथे अंगावर रजई आणि पोटात तूप असते. किनाऱ्यावरच्या ठिकाणांसाठी खात्याने १५ अंशांची निराळी रेषा मान्य केली आहे. मग माळावरच्या माणसाचाही विचार व्हावा, असे म्हणण्यात मी काही आगळीक करीत नाही.

आणि तो पारा मोजतात कोठे? जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, झडपांच्या पांढऱ्या पेटीत. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा त्याहून कित्येक अंश गार असते. उभ्या माणसाच्या छातीपाशी बारा अंश असतील, तर जमिनीवर निजलेल्या पोराच्या अंगाखाली किती?

गेल्या पौषात मी एका साखर कारखान्याच्या हद्दीत ऊसतोड्यांच्या अड्ड्यावर गेलो होतो. पहाटेचे साडेचार. कोप्यांपुढे चुली पेटलेल्या, पुरुष-बाया कोयते घेऊन निघालेल्या. उसाच्या पाल्यावर दव असते, पहिल्या तासाभरातच अंगावरची वस्त्रे भिजतात, आणि ओल्या वस्त्रात अंगाची ऊब फार वेगाने जाते. शरीर ३५ अंशांखाली उतरले की थरथर, मग जडपणा, मग बुद्धीला भ्रम. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले तेथवर आधी पोहोचतात. एका बाईला मी विचारले, "दोन दिवस गारठा वाढणार, असे कोणी सांगितले होते का?" ती म्हणाली, "न्हाई बा. सांगितलं असतं तर लेकराच्या खाली आजून दोन पेंढ्या पाचट अंथरलं असतं."

मी पुष्कळ विद्वानांना हवामानाच्या भाकिताचा उपयोग विचारला आहे. इतके नेमके उत्तर मला कोणी दिले नव्हते.

दोन पेंढ्या पाचट, कोरडे एक लुगडे, कामाला तासभर उशीर, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नये ही समज, कारण त्या शेगडीच्या विषारी वायूला वास नसतो. एवढ्याला तिजोरी लागत नाही. मुकादमाच्या खिशात दूरध्वनी असतोच. कारखान्याच्या भोंग्यास वेळ ठाऊक आहे. गारठ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने एक निराळा सूर काढला तर काय बिघडेल? महापालिकेच्या रात्रनिवाऱ्याचे दार त्या दोन रात्री नाव-गाव न विचारता उघडावे. आणि गड्ड्यावरच्या ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलांची नावे पुकारतात, त्यांतच उद्याच्या पहाटेचा पारा पुकारावा.

येत्या नोव्हेंबरात भाकीत निघेल तेव्हा गळीत हंगाम सुरू झालेला असेल आणि टोळ्या येऊन उतरलेल्या असतील. त्याआधी आपल्या हातात हा उन्हाळा आणि पावसाळा आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. प्रश्न असतील तर खाली अंगणात बसू, तेथे वारा बरा आहे.