हत्यार कोणाच्या मालकीचे?



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून संगणकाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात आणि अलीकडे मुलांच्या संगणकावर. परंतु हत्यार कोणाच्या मालकीचे, हा आमचा रोजचा प्रश्न आहे, आणि आजची हकिगत तेथूनच सुरू होते.

जॉन हंटर हा शिकागोचा मज्जाशास्त्राचा संशोधक. फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-लहरींच्या नोंदी तपासणे हे त्याचे काम. प्रयोगशाळेत त्यासाठी विकत घेतलेले सॉफ्टवेअर होते, पण परवाना एकच. संगणकाला एक छोटी किल्ली जोडल्याखेरीज ते चालत नसे, आणि ती किल्ली विद्यार्थी, संशोधक, सारे पाळीपाळीने वापरीत. कारखान्यात ज्यांनी काम केले त्यांना हे चित्र ओळखीचे आहे. मायक्रोमीटर एकच, तो स्टोअरच्या कपाटात, आणि बिल्ला देऊन तो मिळेपर्यंत माणसे खोळंबलेली! फरक इतकाच की, मायक्रोमीटर खरोखरच एक असतो. सॉफ्टवेअरची नक्कल काढावयास काहीच पडत नाही. तेथली टंचाई मुद्दाम केलेली असते.

हंटरने आधी दुसऱ्या एका विकाऊ प्रणालीवर काम भागवून पाहिले. ती अपुरी पडू लागली, तेव्हा पायथॉन या सर्वांना खुल्या असलेल्या भाषेत त्याने स्वतःच आलेख काढण्याचे हत्यार घडविले. २००३ साली ते त्याने जगापुढे ठेवले. नाव मॅटप्लॉटलिब. कोणीही घ्यावे, बदलावे, विकलेसुद्धा तरी हरकत नाही; मूळ परवानापत्र तेवढे सोबत ठेवावे. मग दूरदूरची माणसे त्यातले दोष काढून दुरुस्त्या पाठवू लागली. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद तेथे राहते. आम्हांला हे फार आवडले. आमच्याकडे जन्मभर साचे दुरुस्त करणाऱ्या फिटरचे नाव मस्टरखेरीज कोठे असते?

या हत्याराने पुढे काय केले? २००८ साली फीनिक्स हे यान मंगळावर उतरले, तेव्हा त्याची माहिती पाहण्यासाठी ते वापरले गेले. २०१६ साली गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर झाला, त्याच्या आलेखांतही ते होते. त्याच जातीची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले चित्र निघाले, तेथेही हेच.

आलेखाखाली आकड्यांचे गणित लागते. ते करणारे नमपाय हे ट्रॅव्हिस ऑलिफंट या अमेरिकन प्राध्यापकाने उभे केले. त्या काळी न्यूमेरिक आणि नमअरे असे दोन पंथ होते, आणि एकाचे काम दुसऱ्याशी जुळत नसे. ऑलिफंटने २००५ साली दोहोंना एकत्र आणण्याचे काम अंगावर घेतले, आणि २००६ साली नमपायची पहिली पक्की आवृत्ती निघाली. दोन युनियनांचे विलीनीकरण ज्याने केले असेल त्यालाच या कामाचे मोल कळावे. गणित सोपे असते हो, माणसे अवघड!

आता पगारपत्रकाकडे वळू. ज्याच्यावर एवढ्या प्रयोगशाळा आणि कंपन्या चालतात, त्या नमपायच्या निगेसाठी पहिले थेट अनुदान मिळाले २०१७ साली. एका अमेरिकन प्रतिष्ठानाने सुमारे ६ लाख ४५ हजार डॉलर दिले. म्हणजे अकरा वर्षे हा गाडा मुख्यतः रात्रीच्या जागरणांवर चालला. हंटर तर नंतर शिकागोतच एका व्यापारी कंपनीत नोकरी करीत होता. २०१२ च्या जुलैत ऑस्टिनच्या परिषदेत त्याने भाषण केले. परतल्यावर कर्करोग निघाला आणि २८ ऑगस्टला तो गेला. मागे पत्नी व तीन मुली. मुलींच्या शिक्षणासाठी सहकाऱ्यांनी निधी उभारला, आणि हत्यार मायकेल ड्रोटबूम, पुढे टॉमस कॅसवेल यांनी सांभाळले. निधी जमविणारे धन्य होत. पण गेटवर डबा फिरवून विधवेला मदत करण्याची रीत आम्हांला ठाऊक आहे, आणि ती प्रॉव्हिडंट फंडाची जागा घेत नाही, हेही ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, हे श्रमदान आहे, त्यात मजुरी कसली? विहीर खणणे हे श्रमदान, मान्य. परंतु दरसाल गाळ कोणी काढावयाचा? आणि त्या पाण्यावर ज्याचा उसाचा मळा पिकतो त्याने काहीच द्यावयाचे नाही काय?

आमच्याकडे हल्ली संगणक-कंपन्यांतली मुले सल्ल्याला येतात. त्यांच्या नेमणूकपत्रांत कित्येकदा एक कलम असते: नोकरीत असताना जे लिहाल, घरी बसून लिहाल तेसुद्धा, कंपनीचे. म्हणजे त्या मुलाने रविवारी नमपायची चूक दुरुस्त केली, तरी ती पाठविण्याआधी साहेबाची परवानगी! आम्ही त्यांना दोन मागण्या लिहून देतो. सुट्टीतले काम करणाऱ्याचे राहावे, ही पहिली. आणि कंपनी ज्या खुल्या हत्यारांवर धंदा करते त्यांच्या दुरुस्तीसाठी आठवड्यातले काही तास पगारी मिळावेत, ही दुसरी. गेल्या खेपेला एका व्यवस्थापकाने आम्हांला विचारले, "हे फुकट मिळते, मग पैसे कशाचे?" आम्ही त्यांना किल्लीची गोष्ट सांगितली. ते अजून विचार करीत आहेत. पुढची बैठक या महिन्याअखेर आहे.