घर कुठं आहे?

पाचवी-सहावीच्या वर्गात ‘घर काढा’ म्हटले की काय होते, हे शिक्षक बंधुभगिनींना सांगायला नको. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, कौलारू घर, शेजारी नारळाचे झाड! आमच्या अणदूरला घरे माळवदाची, जाड दगडामातीच्या भिंतींची. नारळ पाहायचा तो खंडोबापुढे फोडायचा. पण वहीत मात्र कोकण अवतरायचे. गुरुजींना काय आवडते, हे मुलांना बरोबर कळते.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात अशीच माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणातच झोपलो.

दिवाळीनंतर तिकडचा एक मुलगा मामाकडे राहायला आला. आमच्याच वर्गात. तो बोलायचा नाही. चित्रकलेच्या तासाला विषय मिळाला ‘माझे घर’. त्याने रानात एक रिकामी बाज काढली, शेजारी कंदील. बस्स, एवढंच. “अरे, घर कुठं आहे?” गुरुजींनी विचारले, आणि पट्टी घेऊन स्वतःच बाजेभोवती भिंती अन् छप्पर आखून दिले. वर्ग हसला. हसणाऱ्यांत मीही होतो. त्या मुलाने खोडरबर मागून घेतले आणि छप्पर तेवढे पुसू लागला. पुसता पुसता कागद फाटला. पुढच्या तासाला त्याने आम्हां सगळ्यांसारखे दोन डोंगर काढले. दहापैकी आठ गुण पडले.

गुरुजी निष्ठुर नव्हते. त्यांना चित्र पुरे करायचे होते.

याहून भयंकर जागी एका बाईंनी वेगळे करून दाखवले आहे. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या ऑस्ट्रियन चित्रकर्तीला डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तेरेझीनच्या छावणीत डांबले. तिथल्या ज्यू मुलांना त्यांनी मिळेल त्या कागदावर चित्रे काढू दिली. मुलांनी पहारेकरी काढले, तशीच फुलपाखरे आणि वाढलेली ताटेही काढली. १९४४ च्या ऑक्टोबरात बाईंना ऑश्विट्झला नेऊन मारले. त्यांतली बहुतेक मुलेही वाचली नाहीत. पण बाईंनी मागे ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रे प्रागच्या संग्रहालयात आहेत.

आपल्याला महागडे रंग नकोत. चुलीतला कोळसा, गेरू, हळद, पाठकोरे कागद, पोळ्याला बैल करतो ती माती, एवढे पुरते. गुण देऊ नका. चित्र भिंतीवर लावायचे तर मुलाला विचारून लावा. आणि काळा रंग दिसला की मूल दुःखी, असला ज्योतिषीपणा तर मुळीच नको. कधी कधी हाताशी कोळसाच असतो! मात्र मूल जेवेनासे, झोपेनासे झाले, तर डॉक्टरांकडे न्यावे. चित्र हे औषध नव्हे.

दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी माणसे ऊसतोडीला जातात. आजीपाशी राहिलेले एखादे मूल तुमच्याही वर्गात असेल. त्याने घर न काढता नुसती बाज काढली, तर राहू द्या. शेजारी जरा बसा. फार तर विचारा, “हा कंदील कुणी लावला रे?”