रक्तावाटे पसरणारी कावीळ आणि शिक्षकाचे कर्तव्य



वर्गातील एखाद्या मुलास कावीळ झाल्याचे कळले की गावात बहुधा दोन गोष्टी घडतात. त्या मुलास पंगतीतून उठविण्याचा आग्रह होतो, आणि घरची मंडळी त्यास मंत्रणाऱ्याकडे अथवा डाग देणाऱ्याकडे नेतात. दोहोंचे मूळ एकाच गैरसमजात आहे. कावीळ हे लक्षण होय, रोग नव्हे. तिची कारणे अनेक आहेत. आणि जसे कारण, तसा बचाव.

'अ' व 'ई' या प्रकारचे विषाणू दूषित पाणी व अन्न यांतून पसरतात. 'ब' प्रकारचा विषाणू मात्र रक्तातून व शरीरातील काही द्रवांतून जातो. बाधित मातेकडून प्रसूतीच्या वेळी बालकास, न तपासलेल्या रक्तातून, शरीरसंबंधातून, तसेच एकाने वापरलेली इंजेक्शनची, गोंदण्याची वा कान टोचण्याची सुई किंवा वस्तऱ्याचे पाते दुसऱ्यास वापरल्याने तो पसरतो. शरीराबाहेरही तो निदान ७ दिवस टिकतो. २००९ साली गुजरातेतील मोडासा परिसरात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने या रोगाची साथ उद्भवली व अनेकांचे प्राण गेले.

एका पंगतीत जेवणे, एका माठातील पाणी पिणे, शेजारी बसणे किंवा एकत्र खेळणे यांनी 'ब' विषाणू पसरत नाही. म्हणून कावीळ दिसताच मुलास डॉक्टरांकडे पाठवावे, तिचा प्रकार ठरवून घ्यावा आणि त्यांच्या सल्ल्याप्रमाणे वागावे. 'ब'ची बाधा असलेल्या मुलास केवळ त्या कारणाने शाळेतून दूर ठेवणे हा अन्याय होय. त्याच्या आजाराची वाच्यताही होऊ देऊ नये.

बाधा झालेल्या पुष्कळांस कावीळ दिसतच नाही. कोणाच्या रक्तात काय आहे हे डोळ्यांस कळत नसल्याने, सर्वांच्या रक्तास एकच नियम लावावा. खेळताना मुलाचा गुडघा फुटल्यास हातमोजे घालून जखम धुवावी व झाकावी. जमिनीवर सांडलेले रक्त पुसून तेथे ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकावे.

जन्मवेळी बाधा झालेल्या १०० बालकांपैकी सुमारे ९० जणांच्या शरीरात ती कायम राहते. प्रौढांत हे प्रमाण शेकडा ५ हूनही कमी आहे. पुढे अशांपैकी काहींचे यकृत निकामी होते, काहींस यकृताचा कर्करोग होतो. यावर लस हा खरा उपाय होय. पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत, व पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांनी पंचगुणी लशीतून ती मिळते. २०११ पासून ही लस देशभरच्या लसीकरण कार्यक्रमात आहे. घरी प्रसूती झाल्यास पहिली मात्रा चुकण्याचा संभव अधिक असतो.

यास्तव माता-पालकांच्या सभेत शिक्षकाने तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: गरोदरपणी रक्ततपासणी, रुग्णालयात प्रसूती आणि पहिल्या दिवशीच लस. शासकीय कार्यक्रमात या रोगाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात, हेही सांगावे. गावात शिक्षकाच्या शब्दास मान आहे. तो शब्द वेळेवर उच्चारला गेला तर एखादे बालक आयुष्यभराच्या व्याधीतून वाचेल.