परवाना माणसाचा, वाहनाचा नव्हे

पुण्याच्या पश्चिमेकडून निघून भूगाव, पिरंगुट आणि पौड ही गावे मागे टाकीत, मुळशी धरणाच्या जलाशयाच्या काठाकाठाने ताम्हिणी घाट गाठणाऱ्या आणि पुढे रायगड जिल्ह्यात उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या जमिनींना गेल्या तीन दशकांत जो भाव आला, त्याने मुळशी तालुक्यातील माणसांचे परस्परांशी असलेले व्यवहारच बदलून टाकले. हिंजवडीतील कंपन्या, पिरंगुटचे कारखाने, लवासासारखे प्रकल्प, डोंगरउतारावरची फार्महाऊसे आणि गुंठ्यागुंठ्याने होणारी विक्री यांमुळे ज्या घरांत पिढ्यानपिढ्या भाताच्या खाचरांखेरीज दुसरी मिळकत नव्हती, त्या घरांत एकाएकी मोठ्या रकमा आल्या, आणि त्यांच्यामागोमाग भाऊबंदकीचे दावे, मध्यस्थांचे तगादे, कुंपणांवरून होणाऱ्या मारामाऱ्या आणि स्वतःच्या जिवाविषयीची खरीखुरी धास्तीही आली. या धास्तीतून अनेकांनी रीतसर परवाना काढून पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेतले, आणि दिवसाचा बराच वेळ गाडीत जात असल्याने ते शस्त्रही हळूहळू गाडीतच राहू लागले. वाहनात असे शस्त्र बाळगण्याविषयी कायदा काय सांगतो आणि त्याने संरक्षण कितपत साधते, हे दोन्ही प्रश्न या तालुक्यापुरते तरी पुस्तकी राहिलेले नाहीत.

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, आणि तो तसा का नाही याचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ मध्ये झालेल्या शस्त्रकायद्याने सामान्य भारतीयाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे अशक्य केले, आणि हा कायदा पराधीनतेची खूण मानला गेल्यामुळे १९२८ च्या नेहरू अहवालाने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, अशी शिफारस केली. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हाच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला; शस्त्रांचा सरसकट हक्क दिल्यास राज्याला त्यावर नियंत्रण ठेवणे कठीण होईल आणि तो हक्क कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा देता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील सध्याची नियमावली २०१६ ची आहे. या साऱ्या रचनेचा पाया असा की, शस्त्र ही राज्याने एका विशिष्ट माणसाची चौकशी करून, विशिष्ट कारणासाठी, विशिष्ट हद्दीपुरती दिलेली सवलत आहे.

परवान्याचा अर्ज आल्यावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो. अर्जदाराची मानसिक स्थिती, त्याच्यावरील गुन्हे आणि त्याला असलेला धोका तपासला जातो. शस्त्र हाताळण्याचे सुरक्षा-प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याविषयीचे हमीपत्र घेतले जाते. स्वसंरक्षणासाठी सामान्य नागरिकाला मिळतात ती ‘अनिषिद्ध बोअर’ची शस्त्रे, म्हणजे ज्यांच्या नळीचा व्यास आणि काडतुसाचा प्रकार सरकारने सैन्य व पोलीस यांच्यासाठी राखून ठेवलेला नाही अशी, उदाहरणार्थ कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर किंवा शेतकऱ्यांच्या परिचयाची बारा बोअरची बंदूक; नऊ मिलिमीटरचे पिस्तूल मात्र निषिद्ध बोअरमध्ये मोडते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

हद्दीचा प्रश्न मुळशीत विशेष गुंतागुंतीचा आहे. पौड पोलीस ठाणे पुणे ग्रामीण पोलिसांकडे येते आणि तेथील रहिवाशाला परवाना देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याचा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याचा असतो. परंतु त्याच तालुक्यातील हिंजवडी १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात गेल्याने तेथे तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. शिवाय परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते आणि ते जिल्ह्यापुरते, राज्यापुरते किंवा संपूर्ण देशापुरते असू शकते. ज्याच्या परवान्यावर केवळ पुणे जिल्हा लिहिलेला आहे, त्याने शस्त्र गाडीत ठेवून ताम्हिणी उतरून माणगावकडे प्रयाण केले, तर जिल्ह्याची सीमा ओलांडताच त्याच्याकडून परवान्याच्या अटीचा भंग होतो, आणि केवळ अटीच्या भंगासाठीही अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना जाण्याची शक्यता वेगळीच. जिल्ह्याची सीमा दर्शवणारा फलक पावसाळी धुक्यात दिसलाच नाही, ही सबब त्या वेळी उपयोगी पडत नाही.

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेण्याविषयी २०१६ च्या नियमावलीचे म्हणणे स्पष्ट आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, म्हणजे अंगाला बांधण्याच्या चामडी किंवा कापडी म्यानात, अथवा तशाच योग्य आवरणात असले पाहिजे. ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. आणि नेणाऱ्या व्यक्तीचे त्यावर प्रत्यक्ष नियंत्रण असले पाहिजे. शस्त्र उगारणे, रोखणे किंवा हवेत बार काढणे यांना सार्वजनिक ठिकाणी मनाई आहे, आणि आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळी झाडणे हा तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकणारा स्वतंत्र गुन्हा आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर जमाव आणि शिक्षणसंस्थेचे आवार येथे खास परवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही, हे परवान्याच्या अटींतच लिहिलेले असते. म्हणून गावच्या उरुसाला गेलेल्या किंवा मुलाला शाळेतून आणायला आवाराच्या आत गेलेल्या गाडीच्या कप्प्यात पिस्तूल असेल, तर धारकाच्या मनात कोणताही वाईट हेतू नसतानाही अट मोडली जाते.

यातील ‘प्रत्यक्ष नियंत्रण’ ही अट गाडीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. कमरेच्या होल्स्टरमधील शस्त्र धारकाबरोबर गाडीत बसते आणि त्याच्याबरोबरच उतरते. डॅशबोर्डच्या कप्प्यात, सीटखाली किंवा डिकीत ठेवलेले शस्त्र मात्र धारक उतरला तरी गाडीतच राहते, आणि त्या क्षणापासून त्याचा खरा ताबा ज्याच्याकडे किल्ली असेल त्याच्याकडे जातो: चालकाकडे, गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे, गॅरेजमधील मेकॅनिककडे, किंवा आईवडिलांची नजर चुकवून गाडी बाहेर काढणाऱ्या कोवळ्या वयाच्या मुलाकडे. परवाना एका माणसाच्या नावाचा असतो. गाडीच्या नोंदणी क्रमांकाला तो कधीच दिलेला नसतो.

या संदर्भात कायद्याने वापरलेली ‘जाणीवपूर्वक ताबा’ ही कल्पना समजून घेतली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात असे स्पष्ट केले की, शस्त्र प्रत्यक्ष अंगावर असलेच पाहिजे असे नाही. ते आपल्या ताब्यात आहे याची जाणीव आणि त्यावर हुकमत चालवण्याची शक्ती या दोन गोष्टी असल्या, की वस्तू दुसऱ्याच्या हाती असली तरी ताबा सिद्ध होऊ शकतो. याला जोडूनच अधिनियमाचे कलम ३५ वाचावे लागते. ज्या शस्त्राच्या बाबतीत गुन्हा घडला आहे असे शस्त्र, उदाहरणार्थ विनापरवाना पिस्तूल, अनेकांच्या संयुक्त ताब्यातील घरात किंवा वाहनात सापडले, तर त्या शस्त्राच्या अस्तित्वाची कल्पना होती असे मानण्यास जागा असलेला प्रत्येक जण, त्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत, जणू त्याने एकट्यानेच गुन्हा केला असे समजून जबाबदार धरला जाऊ शकतो. कायद्याने येथे ‘वाहन’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. ‘दादां’च्या गाडीत मागच्या सीटवर बसण्यात भूषण मानणारी वीस-बावीस वर्षांची मुले, आणि महिन्याच्या पगारावर स्टिअरिंग धरणारा चालक, यांच्या बाबतीत या कलमाचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो हे त्यांना कोणी सांगत नाही, ही या तालुक्यातील खेदाची बाब आहे. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद अशी वाढली आहे. तेव्हा मागच्या सीटवरच्या त्या फेरीची किंमत नोकरी, पासपोर्ट आणि तारुण्यातील काही वर्षे अशी होऊ शकते.

गाडीत शस्त्र साठवण्याला निसर्गही अनुकूल नाही. ताम्हिणी परिसरात अनेक वर्षी पावसाचा आकडा पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. अशा हवेत चार महिने कप्प्यात पडून राहिलेल्या पिस्तुलाच्या नळीला आणि स्प्रिंगला गंज धरतो आणि काडतुसाच्या टोपीत दमटपणा शिरू शकतो, तर एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील उष्णता दारूगोळ्याला मानवत नाही. ऐन वेळी न उडणारे शस्त्र हे निःशस्त्र असण्याहून अधिक घातक असते, कारण समोरच्याला चिथावणी तर मिळालेली असते आणि हाती काहीच नसते. त्याहून मोठा धोका चोरीचा. धरणाच्या काठी किंवा घाटातील धबधब्यापाशी गाडी लावून मंडळी खाली उतरतात आणि काच फोडून बॅगा पळवणाऱ्यांना त्या गाड्या आयत्याच सापडतात. चोराच्या हाती लॅपटॉपऐवजी भरलेले पिस्तूल लागले, तर ते पुढे कोणत्या गुन्ह्यात वापरले जाईल हे सांगता येत नाही, आणि पहिली चौकशी मूळ धारकाचीच होते. शस्त्र हरवल्याची किंवा चोरीची माहिती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात देणे ही परवान्याची अट आहे. अमेरिकेत, जेथे शस्त्र बाळगण्याला संविधानाचे संरक्षण आहे आणि फ्लॉरिडासारख्या राज्याने २००५ मध्ये आत बसलेल्या माणसाच्या संरक्षणापुरते वाहनाला घरासारखेच मानले, तेथेही उभ्या गाड्यांतून चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा प्रश्न पोलिसांना सतावतो आहे. ज्या देशाचा दाखला इकडे शस्त्रप्रेमी वारंवार देतात, त्याच देशाचा हा अनुभव आहे.

आता स्वसंरक्षणाच्या मूळ हक्काविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क सांगितलेला आहे आणि तो मोलाचा हक्क आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती उत्पन्न झाली असता हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंतही तो जाऊ शकतो. परंतु सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास सवड असेल तेथे तो हक्क उरत नाही, आणि संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. जबरी चोरीसारखे मोजके प्रसंग वगळता केवळ मालमत्तेसाठी कोणाचा जीव घेता येत नाही. मुळशीतील बहुसंख्य वाद जमिनीच्या हद्दीचे आणि वहिवाटीच्या वाटेचे असतात, आणि त्यांसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम, तसेच अडवलेली वाट किंवा पाणी मोकळे करून देणारा १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम असे मार्ग उपलब्ध आहेत. हे मार्ग संथ आहेत, खर्चिक आहेत, आणि अर्जदाराचा धीर सुटावा इतके लांबतात, हे मान्यच केले पाहिजे; तरीही शेताच्या बांधावर दाखवलेल्या पिस्तुलाला कायदा संरक्षण म्हणत नाही. तालुक्यातील धडवली येथे जमिनीच्या वादात पिस्तूल दाखवून शेतकऱ्यांना धमकावल्याचा आरोप असलेले चित्रण जुलै २०२४ मध्ये सर्वत्र पसरले आणि पौड पोलिसांनी त्यावरून गुन्हा नोंदवला. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवील. पण परवाना असणे आणि शस्त्र दाखवणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे त्या प्रकरणाने साऱ्या महाराष्ट्रापुढे आणले.

ज्याला खरोखरच जिवाची भीती आहे, त्याला सांगण्यासारख्या गोष्टी थोड्या पण नेमक्या आहेत. धोक्याची लेखी तक्रार आधी पोलीस ठाण्यात नोंदवावी, कारण पुढे खाजगी संरक्षणाचा हक्क सांगण्याची वेळ आली तर ती नोंद भीतीचा पुरावा ठरते. शस्त्र बरोबर न्यायचेच असेल, तर ते अंगावर, झाकलेले आणि मूळ परवान्यासह न्यावे, कारण कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकारी परवाना दाखवण्यास सांगू शकतो. गाडीतून उतरताना शस्त्र मागे राहणार असेल, तर ते त्या दिवशी घराबाहेर काढूच नये. घरी ते भिंतीला किंवा जमिनीला पक्क्या केलेल्या पोलादी कपाटात, काडतुसांपासून वेगळे ठेवावे. गाडी दुरुस्तीला, विक्रीला किंवा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक कप्पा धारकाने स्वतः तपासावा आणि हे काम चालकावर सोपवू नये. दीर्घ प्रवासाला किंवा परदेशी जाताना शस्त्र अधिकृत विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेता येते. जिल्ह्याबाहेर वारंवार जावे लागत असेल, तर परवान्याचे क्षेत्र वाढवून मिळण्याचा अर्ज, प्रवासाच्या कारणांच्या कागदपत्रांसह, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडेच करावा लागतो, आणि तो मंजूर होऊन नोंद परवान्यावर प्रत्यक्ष चढेपर्यंत जुनी हद्दच लागू राहते.