सही करण्यापूर्वीचे वाचन

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या परंपरेविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. तो विषय आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे मांडला आहे. मी आज घरखरेदीच्या कागदपत्रांविषयी बोलणार आहे आणि त्याचे कारण माझ्या कार्यालयातच घडले.

दोन वर्षांपूर्वी एक पालक फी भरण्यास मुदत मागायला आले. येथे बडोद्यात एका फ्लॅटपोटी त्यांनी आठ लाख रुपये देऊन ठेवले होते आणि त्याच फ्लॅटचे नोंदणीकृत बानाखत त्यांच्याआधीच दुसऱ्या एका कुटुंबाच्या नावे झालेले होते. "बाई, नोटरीचा शिक्का होता हो," हे एकच वाक्य ते पुनःपुन्हा उच्चारत होते.

तो शिक्का खोटा नव्हता. पण नोटरी फक्त सही कोणाची आहे एवढे प्रमाणित करतो. फ्लॅट कोणाचा आहे, तो याआधी कोणाला देऊ केला आहे, हे त्या शिक्क्यात कोठेच नसते. ते सब-रजिस्ट्रारच्या दप्तरी असते, आणि 1908च्या नोंदणी कायद्याने स्थावर मालमत्तेची ती पुस्तके व त्यांच्या सूची, ज्यांतली एक आपण इंडेक्स-2 म्हणून ओळखतो, शुल्क भरून पाहण्याचा अधिकार कोणाही माणसाला दिला आहे. त्यासाठी वकिलाची सनद लागत नाही. त्या पालकांनी आठ लाखांपूर्वी ते किरकोळ शुल्क भरले असते, तर दुसऱ्या कुटुंबाचे नाव त्यांना त्याच दिवशी दिसले असते. शिवाय नव्या बांधकामाच्या बाबतीत 2016च्या रेरा कायद्यानुसार बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही. हे ज्याला ठाऊक आहे, तो नोटरीच्या कागदावर मोठी रक्कम मागितली जाताच सावध होतो.

आपल्यापुढे आणखी एक अडचण आहे. आपण घरी मराठी बोलतो आणि इथला दस्तावेज गुजरातीत असतो. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या असल्याने सर्व समजले असा भास होतो, आणि भाषेची शिक्षिका म्हणून मला त्या भासाचीच अधिक भीती वाटते. आपण ज्याला साठेखत म्हणतो, ते येथे बानाखत. आपले खरेदीखत म्हणजे येथला वेचाण दस्तावेज. पहिल्याने केवळ विक्रीचा शब्द दिला जातो, मालकी दुसऱ्याने येते. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हा भेद स्पष्ट आहे. तरीही बानाखत हाती पडताच पेढे वाटणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. 'बोजो' आपल्याला कळतो, कारण आपल्याकडे बोजा आहे. पण 'गीरो' या शब्दावरून मराठी नजर सहज घसरते, आणि गीरो म्हणजे गहाण! आपली मुले शाळेत गुजराती शिकतात. त्यांना शेजारी बसवून दस्तावेज मोठ्याने वाचून घ्यावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आता माझ्याच घराविषयी. 2001 साली आम्ही एक टेनामेंट घेण्याचे ठरवले. मूळ मालक वारले होते, वारसांनी विक्री काढली होती. वकिलांनी कागद पाहून सर्व ठीक असल्याचे सांगितले होते. तरी ती फाईल मी घरी आणली आणि दोन रात्री वाचली. पेढीनाम्यात विधवा पत्नी व दोन मुलगे अशी तीन नावे होती. फाईलच्या तळाशी, पत्त्याचा पुरावा म्हणून लावलेली जुन्या रेशनकार्डाची प्रत होती. वडील धरून त्यावर पाच माणसे. हजेरी घेण्याची सवय जडलेली असल्याने बोट आपोआप थांबले. पाचवे नाव मुलीचे होते.

विचारल्यावर उत्तर आले, "ती लग्न होऊन गेली, तिचा काय संबंध?" संबंध 1956च्या हिंदू वारसा कायद्याने जोडलेला होता. मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. तिच्या सहीवाचून ते भाऊ आम्हांला फक्त आपापले हिस्से विकू शकत होते, आणि पुढे केव्हाही ती आमच्या दारात उभी राहिली असती. व्यवहार चार महिने लांबला. भाऊ रागावले. आमचे यजमानही थोडे वैतागले, हेही सांगून टाकते. अखेर ती बहीण आली, तिच्या हिश्श्याचा चेक तिच्या नावे दिला गेला आणि तिने दस्तावेजावर सही केली. बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, "आजवर मला कोणी विचारलेच नव्हते." आपल्या स्वार्थासाठी केलेल्या वाचनातून असेही काही निघते, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

दस्तावेजाची नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा समजही घट्ट आहे. सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवून घेतो. विकणाऱ्याचा हक्क निर्दोष असल्याची हमी देत नाही. बँकेने कर्ज दिले यावरही विसंबू नये, कारण बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, हे पाहत असतो. म्हणून मागच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासण्याची पद्धत आहे. जमीन बिनखेती झाली आहे का, हेही पाहावे. शहराच्या ज्या भागांत अशांत धारा लागू आहे, तेथे विक्रीपूर्वी कलेक्टरांची परवानगी लागते. जुन्या पोळांतील घर घेणाऱ्यांनी ते आधी विचारावे. खर्चाचे म्हणाल, तर गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क 4.9 टक्के व नोंदणी शुल्क 1 टक्का आहे. खरेदीदार केवळ स्त्रिया असतील, तर नोंदणी शुल्क माफ होते. ही सवलत मी भगिनींच्या विशेष ध्यानात आणून देते; अर्थात नाव लावायला पुरुषमंडळी तयार हवीत.

वकिलाकडे जाऊ नका, असे मी सुचवीत नाही. अवश्य जावे, आणि तो विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. पण जाताना कागद वाचून, प्रश्न लिहून न्यावेत.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तासभर ग्रंथालयात असते. ज्यांना गुजराती दस्तावेज वाचणे जड जाते, त्यांनी झेरॉक्स घेऊन यावे; मूळ प्रत आणू नये. मी सल्ला देणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. आपण ओळीने वाचू, अडलेल्या शब्दांचा अर्थ समासात लिहू, आणि नावे मोजू.